पाळतीचा दगड

या बागेत तळ्याकाठी दोन दगड आहेत. एकाचं तोंड पाण्याकडे, दुसऱ्याचं त्या पहिल्या दगडाकडे. दुसऱ्यावर बसलं की तळं आपल्या पाठीशी येतं. नगरपालिकेने बाग केली, चालायचा रस्ता केला, पायडलच्या होड्या आणल्या, पण या दगडांना हात लावायला कोणी धजावलं नाही. शेजारी हा मातीचा पुतळा. हात बघा, नखंसुद्धा कोरलेली आहेत. चेहरा मात्र कोरा. बाहेरची माणसं म्हणतात, पावसाने झिजला असेल. झिजलेला नाही. तसाच करतात.

मी दौलत गवळे, एकोणीस वर्षं या बागेचा पहारेकरी होतो. आता निवृत्त आहे, पण सवय सुटत नाही. रविवारी तुमच्यासारखे लोक दुर्बिणी घेऊन येतात आणि खरं सांगतो, मला आधी संशयच येतो. सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून बदकं बघायला कोण येतं? तुमच्या पिशव्याही मी मघाशी नजरेखालून घातल्या. राग मानू नका. या गावाचा स्वभावच तसा आहे, आणि त्या स्वभावाने एकदा काय केलं ते या दगडांना माहीत आहे.

फार पूर्वी सगळं गाव याच तळ्याचं पाणी प्यायचं. तेव्हा एक परका माणूस इथे आला. सटवाजी कोळी त्याचं नाव, असं सांगतात. दिवस उजाडायच्या सुमारास तो या दगडावर येऊन बसे आणि पाण्यावर उतरणारे पक्षी बघे. टिबुकल्या, पाणकावळे, अडया, जे उतरेल ते. धरत नव्हता, मारत नव्हता, नुसता बघत होता. गावाला हेच खटकलं. धरायचे नाहीत, खायचे नाहीत, तर मग हा बघतो कशाला?

पाटलाने त्याच्यावर पाळत ठेवली. राही नावाची एक कुंभारीण तळ्याची माती न्यायला रोज यायचीच, तिला समोरच्या दगडावर बसवलं. पाटील तिला म्हणाला, "पाखरांकडं बघू नगंस. त्याच्या हातांवर नजर ठिव. हात पाण्याकडं गेला की मला येऊन सांग."

राहीने अठरा दिवस त्याचे हात पाहिले. पाठ तळ्याकडे आणि मान खाली. सटवाजीला हे कळत होतं, पण तो रागावला नाही. हळूहळू त्यानेच तिला सगळं सांगितलं, म्हणे. त्याच्या गावी तो घरोघर पाणी भरायचा. एका सकाळी तळ्यावर एकही पाखरू उतरलं नव्हतं. त्याने ते पाहिलं होतं, पण मनावर घेतलं नाही आणि घागरी भरल्या. संध्याकाळपर्यंत त्याची बायको आणि दोन्ही मुली गेल्या, अर्धं गाव गेलं. तेव्हापासून त्याचा नेम होता, गावोगावच्या तळ्यांवर बसायचं आणि पक्षी उतरतात की नाही ते बघायचं.

राहीने हे पाटलाला जसंच्या तसं सांगितलं. पाटील म्हणाला, "ज्याचं सगळं गेलं, त्यो दुसऱ्याचं कशाला राखंल?" गावालाही ते पटलं. संशय खरा वाटायला फारसं काही लागत नाही, हे मी एवढ्या वर्षांच्या पहाऱ्यावरून सांगतो.

एकोणिसाव्या दिवशी सकाळी राही मध्येच उठली. काठापलीकडच्या तिच्या भट्टीतून जास्त धूर निघाला होता आणि भांडी तडकली असती. भट्टीचं तोंड लिंपून ती परत आली, एवढाच वेळ. आली तर सटवाजी उभा होता. पक्षी आले होते, तळ्यावर घिरट्या घालत होते, पण उतरत नव्हते. मग सगळा थवा तसाच निघून गेला. सटवाजी धावत घाटावर गेला आणि बायकांच्या घागरी उपड्या करू लागला. "पानी भरू नका, पानी बिघडलंय!"

लोकांनी त्याला धरला. पाणी बिघडलंय हे याला कसं कळलं? यानेच बिघडवलं असेल. नाहीतर बिघडलेलंच नसेल, आणि गाव पाण्यासाठी नदीवर पांगलं की याचे साथीदार घरं लुटायला येतील. एकाच माणसावर दोन उलटसुलट आळ, आणि दोन्ही सगळ्यांना एकदमच खरे वाटले!

पाटलाने राहीला विचारलं, "ह्याचा हात पाण्याकडं गेला का?"

इथे दोन तऱ्हेने सांगतात. कुंभारवाड्यात म्हणतात, ती खरं बोलली, "मी मदी उठले होते." बाकी गावात म्हणतात, जागा सोडली म्हणून शिक्षा होईल या भीतीने ती गप्प राहिली. मी दोघांवरही पुरता विश्वास ठेवत नाही. पण "नाही गेला" एवढं ती बोलली नाही, याबद्दल कोणाचंच दुमत नाही.

मग पाटील सटवाजीला म्हणाला, "पी तू. न्हाई प्यालास तर ईख तूच घातलंस." शेळीला का नाही पाजलं, असं तुमच्यातलं कोणीतरी नेहमी विचारतं. शेळी कोणाची पाजायची? परक्या माणसासाठी कोण आपली शेळी देणार होतं?

तो पळू शकला असता, असं सांगतात. धरणाऱ्यांचे हात तेवढ्यापुरते सैल झाले होते. पण घाटावर बायका पुन्हा घागरी बुडवायला वाकल्या होत्या, आणि एकीच्या कडेवर पोर होतं. सटवाजीने ते पाहिलं. तो पाण्यात उतरला आणि ओंजळीने प्यायला. एकदा नाही, तीनदा. आता याचं काय होतं ते बघायला बायकांनी घागरी रिकाम्याच खाली ठेवल्या.

दुपारी तो गेला. त्याच सुमाराला तळ्यातले मासे पोट वर करून तरंगू लागले. त्याला पाजण्याआधी गाव दुपारपर्यंत थांबलं असतं तर माणूस वाचला असता, पण तेवढा धीर कोणाजवळ नव्हता. दुसऱ्या दिवशी शोध घेतला, तर वरच्या ओढ्यात ठेचलेल्या विषारी मुळ्यांच्या राशी सापडल्या. मासे मारायला आपल्याच गावातल्या कोणीतरी टाकल्या होत्या. कोणी, ते कधी कळलं नाही. तेव्हापासून या गावात जो तो एकमेकाकडे बघतो आहे.

सटवाजीचा पुतळा करायचं राहीने मनात घेतलं. तळ्याची माती आणली आणि हात अगदी हुबेहूब घडवले, डाव्या अंगठ्यावरच्या जुन्या व्रणासकट. मग ती चेहऱ्याशी आली आणि अडली. अठरा दिवस समोर बसून तिने त्याचं तोंड एकदाही नीट पाहिलं नव्हतं. ती ओक्साबोक्शी रडली, असं सांगतात, आणि चेहरा तसाच कोरा ठेवला.

पुढे पाणी पुन्हा निवळलं, तेव्हा तिने गावाकडून एक वचन घेतलं. रोज पहाटे एकाने पाण्याकडे तोंड करून पक्षी बघायचे. दुसऱ्याने समोर बसायचं, पण हात बघायचे नाहीत, तोंड बघायचं. पक्षी उतरले की बघणाऱ्याच्या तोंडावर कळतं. समोरच्याने "उतरले" अशी हाक द्यायची, मगच घागरी भरायच्या. पक्षी बघणाऱ्याला पुन्हा कधी साक्षीदाराशिवाय राहू द्यायचं नाही.

आजही कुंभारवाड्यातली माणसं दर वर्षी तळ्याच्या मातीचा नवा पुतळा करतात आणि चेहरा कोरा ठेवतात. आता नळाला पाणी धरणातून येतं, तळ्याचं कोणी पीत नाही. तरी इथे पक्षी बघायला आलेल्याला एकटं बसवत नाहीत, आणि फाटकावरचा चहावाला मला रोज विचारतो, "उतरले का?"

तर बसा तुम्ही त्या दगडावर. मी इथे बसतो, तळ्याकडे पाठ करून. हात खिशात घाला, कुठेही ठेवा, माझं काही म्हणणं नाही. फक्त ती दुर्बीण जरा खाली घ्या. तोंड दिसत नाही तुमचं.