पुसलेल्या पुतळीची पारख

एका राज्यात इंद्रकेतू नावाचा राजा होता. विहिरींना पाणी होतं, कोठारांत धान्य होतं, वेशी भक्कम होत्या. राजाला खंत एकच. राज्यात चालणाऱ्या नाण्यांवर त्याच्या आजा-पणजांची मुखं होती, त्याचं मुख कुठंच नव्हतं. केस पिकू लागले तशी ही खंत वाढत गेली. शेवटी त्यानं हुकूम सोडला, "जुनी नाणी वितळवा आणि माझ्या मुखाची पाडा."

टांकसाळीत मुशी तापल्या. पहिलं जुनं नाणं मुशीत पडलं आणि राज्यातल्या साऱ्या नाण्यांवरची मुखं पुसली गेली. एवढ्यावर भागलं नाही. माणसांना माणसांची तोंडं ओळखू येईनात. बायका नवऱ्यांना "आपण कोण?" विचारू लागल्या. लेकरं आईच्या पुढ्यात उभी राहून आईलाच हाका मारू लागली.

राजानं डोळे मिटून आपल्या दिवंगत आईचा चेहरा आठवून पाहिला. आवाज आठवला, बांगड्या आठवल्या. चेहऱ्याच्या जागी नुसतं धुकं होतं. तेव्हा मात्र राजा घाबरला.

त्याच्या लहानपणी राणीमाता दुपारी सज्जात जाजम अंथरीत, त्यावर जुनी नाणी पसरीत आणि त्याला मांडीशी घेऊन म्हणत, "बाळराजे, आधी साल बघावं, मग टांकसाळीची खूण, मग झीज. आणि चिंचेनं घासायचं नाही हं, नाण्याचं वय निघून जातं." खाली अंगणात पारवे घुमत असत. त्या दुपारी किती लांब असायच्या! राज्यकारभार हाती आला आणि जाजम कुठं गेलं, कुणी विचारलं नाही.

राजा असा बसला असता खिडकीत एक भारद्वाज येऊन बसला. म्हणाला, "राजा, हा शाप डोंगरातल्या जुन्या टांकसाळीचा. तिथं ताम्राक्षी नावाची मायाविनी राखणीला आहे. ती तीन नाणी दाखवील. तिन्हींची खरी किंमत सांग, शाप सुटेल."

"आणि चुकलो तर?"

"नाणं होशील."

राजानं मुकुट उतरवून ठेवला आणि भारद्वाजामागून चालू लागला. डोंगराच्या पोटात गुहा होती. गुहेत विझलेल्या भट्ट्या होत्या आणि फळ्यांवर चुकलेल्या माणसांची नाणी ओळीनं मांडली होती. गुहेतल्या नाण्यांना राज्यातला शाप लागला नव्हता. त्या नाण्यांवरची मुखं स्पष्ट दिसत होती, आणि काहींचे ओठ अजून हलत होते.

ताम्राक्षीनं पहिलं नाणं पुढं केलं. सोन्याची मोहर. मुखाभोवती राजाच्या पणजोबांचं नाव, साल राज्यारोहणाचं सातवं. पणजोबा तर सहाव्या वर्षीच रणात पडले होते. "खोटं" असा शब्द राजाच्या ओठांवर आला, आणि जाजमावरची एक दुपार त्याला आठवली.

"खरी आहे," तो म्हणाला. "पणजोबा गेले तेव्हा वारस पणजीच्या पोटात होता. तो जन्मेपर्यंत पणजीनं पतीच्या नावानं राज्य केलं. तेवढ्याच काळात ही पाडली. म्हणून थोडी, म्हणून मोलाची. साध्या दहा मोहरांच्या बदल्यातही देऊ नये."

ताम्राक्षीनं मान डोलावली. दुसरं नाणं रुपेरी, लखलखीत. मुखाखाली माशाची खूण, म्हणजे नदीकाठच्या टांकसाळीची.

राजानं ते उन्हाच्या कवडशात धरलं. "हा मासा उजवीकडे पोहतो. त्या टांकसाळीचा मासा डावीकडेच पोहतो. खोटं करणाऱ्यानं खरं नाणं समोर ठेवून ठसा कोरला. अक्षरं सांभाळून उलटी कोरली, मासा मात्र दिसला तसा कोरला. ठोकल्यावर तो फिरला. किंमत चांदीच्या वजनाएवढी."

"तिसरं," ताम्राक्षी म्हणाली.

ती पुतळी होती, गळ्यातल्या माळेत ओवायचं सोन्याचं नाणं. वर भोक पाडलेलं. एका बाजूची नक्षी शाबूत, दुसरी बाजू गुळगुळीत. साल गेलं होतं, खूण गेली होती. राहिली होती फक्त झीज. हाताहातांतून फिरलेलं नाणं दोन्हीकडून झिजतं. हे गळ्याच्या कातडीवर घासून एकीकडूनच झिजलं होतं. राजानं कडेवरून बोट फिरवलं. तिथं बारीक खळगे होते. हत्याराचे नव्हते. तान्ह्या मुलाच्या नव्या दातांचे होते.

राजाला ओळख पटली. "तुमचे पहिले दात माझ्या माळेवर आले," आई हसून सांगायची. दुष्काळाच्या साली तिनं ती माळ मोडून प्रजेसाठी धान्य घेतलं होतं.

"किंमत सांग," ताम्राक्षी म्हणाली.

राजानं पुतळी तळहातावर तोलली. मग म्हणाला, "भोक पाडलेलं, साल गेलेलं, कड दबलेली. आहे त्या सोन्याएवढीच किंमत. साधी एक मोहर."

"आईची पुतळी ओळखूनही?"

"माया किमतीत मिसळू नये, हे तिनंच शिकवलं."

"मग सांगितल्या किमतीला घेशील?"

"घेईन. पण माझ्याजवळची सारी नाणी पुसलेली आहेत."

"कमरेला हात लावून बघ."

राजानं कमरेचा कसा सोडून मोहर काढली. मोहरेवर आजोबा होते, कपाळावरच्या आठ्यांसकट, आणि खाली साल लखलखत होतं. तळहातावरच्या मोहरेकडे पाहता पाहता त्याला आईचा चेहरा आठवला: गालावरचा तीळ, नाणं निरखताना बारीक होणारे डोळे. राजा तिथंच खाली बसला आणि रडला. फळ्यांवरची नाणी एकेक करून माणसं झाली, अंग झटकून उभी राहिली आणि आपापल्या घरची वाट विचारू लागली.

ताम्राक्षीला मोहर देऊन राजा पुतळीसह परतला तेव्हा वेशीवरच्या पहारेकऱ्यानं त्याला लांबूनच ओळखलं. मुशी विझवल्या गेल्या. पुढं यथाकाळ इंद्रकेतूच्या मुखाचीही नाणी पडली, पण जुन्यांच्या सोबतीनं चालली. भाजीवालीच्या ओच्यात, वाटसरूच्या बटव्यात फिरली. कधी एखादं राजाकडे परत येई, तेव्हा तो ते उन्हात धरून आपलं नाक कितपत झिजलं ते पाही, हसे आणि पुन्हा बाजारात पाठवून देई.