फुलांच्या पठारावरची स्वारी

त्या राज्यात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. डोंगराच्या पायथ्याशी एक जुने जांभूळ होते आणि त्याच्या ढोलीत मधमाश्यांनी राज्य मांडले होते. पोळ्याला पोळे भिडले होते. कामकरी माश्या एकमेकींच्या पाठीवरून चालत आणि दारात आत येणारी व बाहेर जाणारी यांची रोज हुज्जत होई. कामकरणीचे आयुष्य तिथे दीड-दोन महिन्यांचे. राणी तेवढी चौथे वर्ष राज्य करीत होती.

भिरी ही त्या राज्याची हेर. नव्या फुलोऱ्याचा माग काढायचा आणि परत येऊन पोळ्यावर नाचून सांगायचे, हे तिचे काम. नाचाची दिशा ती फुलांची दिशा, नाचाची लांबी ते अंतर आणि नाचाचा जोर ती फुलांची दौलत. एवढ्या तीन गोष्टींवर ते राज्य चालत आले होते.

भाद्रपदात एका उघडिपीला भिरी कधी नव्हे इतकी उंच गेली. कडा ओलांडला आणि ती जागच्या जागी भिरभिरत राहिली. समोर मैलभर सपाट कातळ होता आणि कातळ कुठे दिसतच नव्हता. जांभळा तेरडा, पिवळी सोनकी, पाणथळ जागी निळी सीतेची आसवे. नजर ठरत नव्हती. झाड मात्र एकही नव्हते, आणि या दौलतीवर कुणाचा पहाराही नव्हता.

ती घरी येऊन नाचली. इतक्या जोराने नाचली की मेण थरथरले. सेनापती दंशाली पुढे झाली आणि राणीला म्हणाली, “सरकार, हा मुलूख आपल्यासाठीच वाढून ठेवला आहे. हुकूम करा.”

राणीने अंडी घालणे थांबवले. मग तिने एकच विचारले, “किती जणी जातील?”

“निम्म्या, सरकार.”

“जाऊ द्या,” राणी म्हणाली, आणि पुन्हा अंडी घालू लागली.

स्वारीची तयारी होईपर्यंत शत्रूचे बळ पाहून यावे म्हणून भिरीला परत वर धाडण्यात आले. शत्रू म्हणावा असा तिला एकच जीव भेटला. कातळाच्या फटीतल्या मातीत एक बोटभर बीळ होते आणि त्याच्या तोंडाशी एक काळसर, बुटकी माशी परागाची गोळी वळत बसली होती. तिला पोळे नव्हते, राणी नव्हती, बहिणी नव्हत्या. तिने आपले नाव कातळी असे सांगितले.

“आम्ही इथे राहायला येतोय,” भिरीने आवाज चढवून सांगितले. “दहा हजार जणी.”

“या की,” कातळी म्हणाली. “किती दिवसांसाठी?”

“कायमच्या.”

कातळीचे हात थांबले. “अगं बाई, इथे कायमचा फक्त कातळ. ही फुलं महिन्याची पाहुणी. मी अकरा महिने मातीत निजून काढते, तेव्हा कुठे एक महिना जगते. तुम्हाला येतं का असं निजायला?”

भिरी तशीच माघारी उडाली. परतताना तिला पहिल्यांदाच आपल्या पंखांचे ओझे वाटले. पोळ्यावर ती नाचायला उभी राहिली आणि मधेच अडली. दिशा सांगता येत होती, अंतर सांगता येत होते, दौलत सांगता येत होती. हे सगळे किती दिवस टिकणार, हे सांगणारे पाऊलच त्या नाचात नव्हते. तिने जोर कमी केला, गिरकी अर्धी सोडली, उलटी फिरली. भोवतालच्या माश्या चुळबुळल्या.

“दमली बिचारी,” दंशाली म्हणाली. “पहिला नाच धरा. तो स्पष्ट होता.”

तिसऱ्या दिवशी दहा हजार माश्या नव्या राज्यासाठी वाढवलेल्या धाकट्या राणीला मधोमध घेऊन निघाल्या. त्यांच्या घोंगावण्याने डोंगर भरून गेला. लढाई अशी झालीच नाही. कातळीसारख्या इथेतिथे विखुरलेल्या बुटक्या माश्या आपापल्या बिळांत शिरल्या आणि दंशालीने विजय जाहीर केला. पोळे बांधायला झाड नव्हते म्हणून ते एका उघड्या खडकाच्या पोटाशी बांधले. पहिले आठ दिवस इतका मध आला की साठवायला घरे पुरेनात.

मग धुके उतरले. पाच दिवस पंख वाळले नाहीत आणि कुणाला उडता आले नाही. धुके निघाले तेव्हा तेरड्याची बोंडे तडकू लागली होती. सीतेची आसवे पाण्यासकट आटली. सोनकी काय ती आठवडाभर तग धरून होती. पुढे ऊन असे पडले की कातळावर पाय टेकवेना. तहानलेल्या माश्यांना ओलीच्या शेवटच्या पट्ट्यात एक लालसर रोप दिसले. त्याच्या पानांवर दवाचे थेंब लखलखत होते. त्या थेंबांवर बसल्या त्या तिथेच चिकटल्या, आणि पाने सावकाश मिटली. भिरीने त्यांतल्या एकीला पायांनी ओढून पाहिले. हाती पंख आला.

दंशालीने पहारे वाढवले. पहारा कशावर, हे विचारायची सोय नव्हती. “सोनकी सरली की दुसरं काही फुलेल,” ती सांगे. “आणि माघारीचं नाव कुणी तोंडातून काढायचं नाही.”

एका दुपारी धाकट्या राणीने भिरीला जवळ बोलावले. पोळ्याची कड उन्हाने मऊ होऊन लोंबत होती.

“भिरी, मला अंडी घालायला सांगतात. त्यांना भरवायचं कुणी?”

भिरीची मान खाली गेली. “धाकट्या सरकार, चूक माझी आहे. मीच नाचले.”

“नाचलीस ते खोटं होतं का?”

“नव्हतं. पण अर्धं होतं.”

धाकट्या राणीने मधाच्या घरांवरून मिशा फिरवल्या. मग म्हणाली, “पिल्लांसाठी राखलेला मध फोडा आणि वाटून घ्या. जेवढ्या उडू शकतील तेवढ्यांना घेऊन तू खाली जा.”

“आणि तुम्ही?”

“माझं अंग जड झालंय गं. हे पंख आता मला पेलायचे नाहीत.”

दंशाली आडवी आली. भिरीला वाटले, आता नांगी चालणार. पण धाकट्या राणीने नुसते वळून पाहिले आणि सेनापती बाजूला झाली. दंशाली स्वतः मात्र निघाली नाही. मधाचा आपला घोट तिने दुसरीला दिला आणि रिकाम्या पोळ्याच्या तोंडाशी, कुणीच येणार नव्हते त्या दिशेला तोंड करून उभी राहिली.

भिरीच्या मागून चारशेच्या आसपास माश्या निघाल्या. कातळी नव्हती, तिच्या बिळाचे तोंड मातीने लिंपलेले होते. कड्यापर्यंत पोचता पोचता वारा उलटा फिरला. शंभरेक जणी कुठे भिरकावल्या गेल्या ते दिसलेही नाही. उरलेल्यांना भिरीने कड्याच्या एका खोल कपारीत घातले. ऊन आत येत नव्हते. सगळ्या दगडाला धरून, एकमेकींना बिलगून राहिल्या. खाली दूरवर जांभळाचा हिरवा ठिपका दिसत होता.

नजर सावलीला सरावली तेव्हा एक जण हळूच म्हणाली, “भिरी, वर बघ.”

कपारीच्या छताला मेणाचे वण होते. एक काळा पडलेला, एक शेवाळाने खाल्लेला, एकाची नुसती रेघ उरलेली. कुठे अर्धे पोळे, कुठे पंखांचा भुगा. इथवर माघारी आलेल्यांनी शेवटचे बांधलेले असावे. भिरी एकेका वणावरून चालत गेली आणि मिशा टेकवून पाहत गेली. जुन्यांना कसलाच वास उरला नव्हता. काहींना परक्या रानांचा वास होता, एकाला खारट वाऱ्याचा.

टोकाचा वण सगळ्यांत ताजा होता. मेण अजून पिवळे होते, फार तर गेल्या पावसाळ्यातले. भिरीने त्यावर मिशा टेकवल्या आणि ती तिथेच थांबली.

“कुणाचा गं तो?” मागून विचारणा झाली.

भिरी बाजूला सरली. मग एकेक जण पुढे आली, हुंगून गेली आणि आपल्या जागी जाऊन बसली. जन्मल्या दिवसापासून प्रत्येकीच्या अंगाला होता तोच तो वास होता, खाली जांभळात चौथे वर्ष राज्य करणाऱ्या थोरल्या राणीचा.