बेचाळीस नाकं आणि राजाची झोप

करंजगडच्या निंबराज राजाची दुपारची झोप सलग चौथ्या दिवशी मोडली!

घोरण्याला नुकता कुठे सूर लागला होता, तोच महालामागून आवाज आला, "आऽक्छीं!" मग दुसरा. मग एकदम बेचाळीस! राजा दचकून गादीवरून उडाला तो थेट विड्याच्या तबकात जाऊन बसला.

"कोण शिंकतंय?" राजा ओरडला.

"मिरचीच्या कोठारातल्या बायका, महाराज," दिवाण म्हणाला.

महालाला आणि फौजेला लागणारा मसाला या कोठारात कांडला जाई. बेचाळीस बायका, बेचाळीस उखळं, एक दार आणि खिडकी एकही नाही! पूर्वी खिडक्या होत्या. पण मसाल्याचा वास बाहेर गेला तर शेजारचा राजा आपली कृती चोरेल, या धास्तीने निंबराजाने सगळ्या लिंपून टाकल्या होत्या.

राजवैद्य धुंडिभटांना बोलावणं गेलं. त्यांनी एकाही बाईला न बघता, डोळे मिटून निदान केलं. "दोष नाकांचा आहे, महाराज! हलक्या घरची हलकी नाकं, जरा काही झालं की शिंकतात. पितळी चिमटे घडवा आणि एकेका नाकाला लावून टाका!"

"वा! घडवा बेचाळीस चिमटे!"

ही बातमी हौसा सुईणीच्या कानावर गेली आणि ती तरातरा दरबारात आली. पहारेकऱ्यांनी तिला अडवलं नाही. अडवणार कसे? पहारेकरी, दिवाण आणि खुद्द महाराज, सगळे तिच्याच हातावर जन्मलेले!

"महाराज, नाक बंद केलं तर श्वास कुठनं घ्यायचा?" ती म्हणाली. "मथूला सातवा महिना लागलाय. पोरगी दोन्ही हातांनी पोट धरून खोकते. भिमाईचे डोळे इतके सुजलेत की ती चाचपून मुसळ उचलते. खिडक्या उघडा, शिंका आपोआप थांबतील."

"तू सुईण आहेस. बाळंतपणं कर," धुंडिभट गुरकावले. "कोठाराशी तुझा काय संबंध?"

"बाळ पोटात असतं, वैद्यबुवा, आणि पोट कोठारात असतं. मग मी जाऊ कुठं?"

दरबारात खसखस पिकली. राजाला मात्र राग आला. हट्टी होताच तो!

"ऐक, हौसा! उद्या दुपारी कोठारातून एकही शिंक ऐकू येता कामा नये. पण भिंतीला हात लावायचा नाही, मिरची कमी करायची नाही आणि कांडण क्षणभरही थांबवायचं नाही. जमलं तर मागशील ते देईन. नाही जमलं तर जे नाक शिंकेल त्याला चिमटा! माझा हुकूम म्हणजे हुकूम!"

"बरं," हौसा म्हणाली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती हजर झाली. "सगळी तयारी झाली, महाराज. फक्त तुमची गादी तेवढी कोठारात न्यायची."

"माझी गादी? ती कशाला?"

"दरबारात महाराजांच्या आधी कुणी शिंकायचं नाही, असा नियम आहे ना?"

"आहेच! आणि पाळलाही जातो!"

"मग महाराज बसतील तिथं दरबार. तुम्ही कोठारात बसलात की कुणाची छाती आहे शिंकायची? भिंत तशीच, मिरची तेवढीच, कांडणही चालू!"

राजा खूश झाला. आपल्या नुसत्या बसण्याने शिंका थांबणार! गादी गेली, लोड गेले, मागोमाग दिवाण आणि धुंडिभट गेले, हौसाही आत गेली. दार लागलं. बायकांनी ओल्या पदराच्या तीन-तीन घड्या नाकावर बांधल्या होत्या. मुसळं पडू लागली. धप्! धप्! धप्! लाल धूळ उडाली. एकही शिंक नाही!

"बघितलंस?" राजा म्हणाला. "माझा दरारा!"

आणि मग त्याच्या नाकाच्या शेंड्याला काहीतरी झालं. आधी गुदगुल्या, मग मुंग्या. मिशी थरथरली, डोळ्यांना धारा लागल्या, तोंड उघडलं ते मिटेना. राजाने छताकडे पाहिलं, लोड चावला, कुलदैवताचं नाव घेतलं.

"आऽऽऽक्छीं!"

पगडी उडाली ती भिमाईच्या उखळात पडली. कांडण थांबवायचा हुकूम नव्हता, म्हणून भिमाईने पगडीही कांडली! आणि महाराज शिंकले म्हटल्यावर इतरांना मोकळीक मिळाली. दिवाण शिंकला, बेचाळीस बायका शिंकल्या, धुंडिभट तर सात वेळा शिंकून दाराबाहेर कोलमडले. त्यांच्या पाठोपाठ सगळेच अंगणात धावले.

"हरलीस, हौसा!" डोळे पुसत राजा गरजला. "शिंक ऐकू आली!"

"आली की. पहिली कुणाची, ते सगळ्यांनी ऐकलंय." हौसाने दाराशी तयार ठेवलेलं चिमट्यांचं तबक पुढे धरलं. "हुकूम म्हणजे हुकूम. पण आधी वैद्यबुवांनी सांगावं, महाराजांचं नाक हलक्या घरचं की भारी घरचं?"

धुंडिभटांना घाम फुटला. "छे छे! महाराजांच्या नाकात दोष कसा असेल? ती... ती आतली हवाच वाईट आहे!"

"म्हणजे महाराज शिंकले की हवा वाईट, आणि मथू शिंकली की नाक वाईट?"

राजाने धुंडिभटांकडे पाहिलं, मग तबकातल्या चिमट्याकडे, मग भिमाईच्या ओंजळीतल्या, लाल भुकटी झालेल्या पगडीकडे. आणि तो जो हसत सुटला, तो शिंकता शिंकता हसला आणि हसता हसता शिंकला!

"खिडक्या फोडा!" तो ओरडला. "चारी बाजूंनी! आणि पहिली कुदळ धुंडिभटांच्या हातात द्या! तोवर कांडण बाहेर सावलीत होईल. मथू बाळंत होऊन धडधाकट होईपर्यंत मुसळाला हात लावणार नाही, धान्य महालातून जाईल. हौसा, आता तुझं माग!"

"राज्यात जिथं जिथं माणसं राबतात, तिथं न विचारता आत जायची मोकळीक द्या. आणि जे दिसेल ते दरबारात सांगायचीसुद्धा."

"दिली! वर सोन्याच्या पाटल्या!"

हौसाने तिथल्या तिथे पाटल्या हातात चढवल्या आणि पदर खोचला.

"कुठे निघालीस?"

"तुमच्या मुदपाकखान्यात, महाराज. आचारी फार खोकतात म्हणे!"

राजा पुन्हा इतका हसला, इतका हसला, की त्या दिवशीची झोपही गेलीच!