येते हं

फार मागची गोष्ट. तेव्हा झाऱ्या बोलत आणि झाडं त्यांना उत्तरं देत. द्वारकाकाकूंच्या परसात एक पत्र्याची झारी होती आणि तिच्या शेजारी गुलबक्षीचं झाड. काकू रोज सकाळी झाडांना पाणी घालायच्या, पिकली पानं खुडायच्या आणि घरात जाताना म्हणायच्या, "येते हं."

एकदा त्या हातात पिशवी घेऊन, दाराला कुलूप लावून निघाल्या. तेव्हाही "येते हं" म्हणाल्या. झारी तोंड वर करून वाट बघत बसली. बघता बघता तिच्या पोटातलं पाणी आटून गेलं, तरी काकू आल्या नाहीत.

"खोटं बोलल्या त्या," झारी चिडून म्हणाली. "जायचंच होतं, तर सरळ 'जाते' म्हणायचं."

"अगं, परत यावंसं वाटत असतं, म्हणून माणसं 'जाते' म्हणत नाहीत," सुकत चाललेली गुलबक्षी म्हणाली.

"नुसतं वाटून काय होतं?"

काही दिवसांनी गुलबक्षीचं शेवटचं काळं बी झारीच्या पायाशी मातीत पडलं.

"येते हं," गुलबक्षी म्हणाली आणि वाळून गेली.

आता परसात झारी एकटीच उरली. ती कुणावर चिडली नाही. फक्त पहाटेचं दव पोटात साठवू लागली.