वेशीत थांबलेला घोडा

मोंतेरावो शहराच्या दक्षिण वेशीत उंबऱ्याच्या दगडाला एक खळगा आहे. पाहुण्यांनी त्यात पाय ठेवला, की कॅथेड्रलचा म्हातारा राखणदार बाल्दो खेकसतो, "पाय काढा आधी! तिथे एका आर्चबिशपाची घमेंड उतरलीय." मग राग निवला, की तो गोष्ट सांगायला बसतो.

फार पूर्वी, असे सांगतात, सम्राटाच्या मर्जीतला ग्वाल्फ्रेदो इथे आर्चबिशप म्हणून नेमला गेला. एका हातात धर्मदंड, दुसऱ्यात तलवार, आणि राग कायम नाकावर. शहरात पाऊल टाकण्याआधीच त्याचा हुकूम आला, शहराने आपला तट पाडावा. शहर ऐकेना, तेव्हा त्याने शिपाई पाठवून घराघरातली तरणी पोरं धरली आणि टेकडीवरच्या बुरुजात कोंडली. खोगिरं शिवणाऱ्या विधवा ओर्सोलाचा एकुलता एक नेरीही त्यात होता.

नव्या आर्चबिशपाने घोड्यावरून यायचं आणि लगाम ओर्सोलाच्या घराण्याने धरायचा, हा जुना रिवाज. तो उतरला, की घोडा अंगावरच्या सामानासकट त्या घराण्याचा. हे झाल्याशिवाय पाद्री त्याला गादीवर बसवत नसत. घरात पुरुष उरला नव्हता, म्हणून लगाम ओर्सोलाच्या हाती आला. आणि लोकांना धाक बसावा म्हणून ग्वाल्फ्रेदोने बुरुजाच्या किल्ल्या खोगिरालाच लटकवल्या होत्या.

वेशीत येताच ओर्सोला थांबली. "पोरं सोडा, स्वामी. मग पुढे चला."

मागे भालाईत, तटावर उभी असलेली माणसं, डोक्यावर ऊन. घोडा उंबऱ्यावर एकाच जागी टाप आपटत राहिला. ओर्सोलाची मूठ काही सुटली नाही.

ग्वाल्फ्रेदो वाकून हळूच म्हणाला, "तुझा नेरी तेवढा सोडतो. चल."

तिचं काळीज तुटलं. हो म्हणावं, असं तिला फार वाटलं. पण तटावर बाकीच्या आया उभ्या होत्या, आणि त्या तिच्याकडेच पाहत होत्या.

"सगळे," ती म्हणाली.

मग मात्र ग्वाल्फ्रेदोचा तोल सुटला. तो खाली उतरला आणि त्याने धर्मदंड तिच्या खांद्यावर हाणला. ती कळवळली, पण पडली नाही.

"स्वामी," ती म्हणाली, "आपण उतरलात."

स्वागताला आलेल्या पाद्र्यांमधला सर्वांत वृद्ध पुढे झाला. "घोडा तिचा," तो म्हणाला. "सामानासकट." ग्वाल्फ्रेदोने दात खाल्ले, पण गादी हवी तर सगळ्यांदेखत रिवाज मोडून कसं चालेल?

ओर्सोलाने किल्ल्या सोडवल्या. बुरूज उघडला. पोरं बाहेर येत होती, आयांच्या गळ्यात पडत होती. ओर्सोला दाराशी वाट पाहत उभी राहिली. नेरी आलाच नाही. तो कधीच तापाने गेला होता, आणि ग्वाल्फ्रेदोला ते ठाऊक होतं. मेलेलं पोर देऊ करून तो तिला वळवत होता.

इथे बाल्दो जमिनीवर थुंकतो.

आजही नवा आर्चबिशप मोंतेरावोत पायीच येतो. पुढे रिकाम्या खोगिराचा घोडा, त्याचा लगाम एका बाईच्या हाती. वेशीत ती थांबते आणि विचारते, "सगळे आले?" आणि गादीवर बसण्याआधी आर्चबिशपाला सगळ्या शहरासमोर मान खाली घालून सांगावं लागतं, "नाही, आई. एक राहिला."