कीर्तिवंत समई

देवा नारायणा, तुझ्याच दारच्या दिव्याची ही गोष्ट. एका राजाने पणजोबांच्या विजयाची समई देवळात मांडली होती. काळवंडेल म्हणून ती कधी लावत नसत. रोज पुजारी पोथीतून तिची कीर्ती तेवढी वाचत. तिच्या शेजारी गावातल्या म्हाताऱ्या गोदूबाईंचा अखंड दिवा तेवत असे. मुलगा लढाईवरून सुखरूप परतेपर्यंत तो विझू द्यायचा नाही, असा त्यांचा नेम होता.

एकदा पोथी चालू असताना राजा म्हणाला, "म्हातारे, या दिव्याला ना नाव, ना इतिहास. उचल तो!"

गोदूबाईंनी दिवा पदराआड घेतला. गाभारा अंधारला. पुजारी अडखळले, "महाराज, अक्षर दिसत नाही."

गोदूबाई शांतपणे म्हणाल्या, "समईची कीर्ती इतकी वर्षं याच उजेडात वाचलीत. आता तिच्या उजेडात वाचा, महाराज."

राजाची मान खाली गेली. त्याने दिवा जागेवर ठेवायला लावला, स्वतः समईत तेल घातलं आणि त्याच दिव्यावर तिची वात पेटवली.

देवा, वाट पाहणाऱ्या कुणाचाच दिवा विझू देऊ नकोस.