मऊ कवचाचा वर्ग

त्या राज्यात किनाऱ्याशिवाय दुसरी जमीन नव्हती, आणि किनाऱ्यावर पोट भरायची रीत एकच होती. ओहोटी लागली की बिळातून बाहेर यायचं, वाळू तोंडात घ्यायची, तिच्यातला कस चोखायचा आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकायची. खेकड्यांची पोरं या गोळ्या टाकता टाकता नक्षी मांडत. बिळापासून किरण निघत, किरणांना फांद्या फुटत, मध्येच कुणाला वर्तुळ सुचे. मोठे खेकडे मात्र नुसते ढीग लावत. असं का, हे कुणी विचारत नसे. वय झालं की हात जड होतो, एवढं उत्तर सगळ्यांना पुरत होतं.

हात जड होण्याची वेळही ठरलेली होती. पोराचं कवच पहिल्यांदा तडकून गळालं की अंग लोण्यासारखं मऊ पडे. ना धड लहान, ना धड मोठं. अशी पोरं बिळात शिरत ती बाहेर येतच नसत. नवं कवच टणक होईपर्यंत ज्यानं बाहेर येऊन नक्षी मांडली नाही, तो पुढे जन्मभर ढीगच लावी.

या अडनिड्या वयाचा वर्ग फेंगडे मास्तरांकडे होता. मास्तर मनानं मोठे. कौतुक करताना त्यांनी कधी हात आखडला नाही. त्या किनाऱ्यावर कौतुक करायचं म्हणजे मोठी नांगी आभाळाकडे उगारायची आणि खाडकन वाजवायची. मास्तरांची वाजली की खडकापलीकडचे बगळे उडत. भांडणातही नांगी अशीच उगारत म्हणा, पण पाठ टणक असली की दोन्हींतला फरक लगेच कळतो.

तरीही दरवर्षी त्यांचा वर्ग रिकामा होई. मास्तर हळहळत आणि पुढच्या वर्षी आणखी जोरात वाजवत.

यंदा त्यांच्या वर्गात टिकली नावाची पोर होती. सगळ्यांचे किरण सरळ जात, हिचे वाळूतल्या ओहळासारखे वळत. बाकीची पोरं आधी हसली, मग गुपचूप तशीच वळणं मांडू लागली. असा हात मास्तरांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. म्हणून तिचं कवच तडकलं तेव्हा मास्तरांचाच जीव टांगणीला लागला.

टिकली एकदा आली बाहेर. इकडेतिकडे बघत तिनं अर्धा किरण मांडला. मास्तर तिरके धावत आले, नांगी उगारली आणि अशी वाजवली की वाळू हलली. टिकली दिसेनाशी झाली. दुसऱ्या दिवशी बिळातून तिचे नुसते डोळे वर आले. मास्तरांनी लांबूनच, पण दुप्पट जोरात वाजवली. डोळेही गेले. तिची मावशी सांगून गेली की पोरीची पाठ आता कडेनं घट्ट व्हायला लागलीय.

मास्तर कपाळाला नांगी लावून कवडूशेठच्या दुकानात जाऊन बसले. कवडूशेठ शंखात राहणाऱ्या जातीचा. रिकामे शंख झाडून-पुसून मांडायचे आणि अंगानं वाढलेल्या भाऊबंदांना विकायचे, हा त्याचा धंदा. बोलायला गोड, आणि गिऱ्हाइकांचे किस्से सांगायला लागला की भरती आलेली कळत नसे. मास्तरांचं रडगाणं चालू असतानाच एक गिऱ्हाईक आलं. त्यानं एक शंख उलटसुलट करून पाहिला. कवडूशेठनं लगेच पाठ फिरवली आणि वाऱ्याविषयी बोलायला लागला. गिऱ्हाइकानं जुन्या शंखातून अंग बाहेर काढलं आणि नव्यात घातलं. मास्तरांना राहवलं नाही.

"वा, काय शोभतोय!" म्हणत त्यांनी नांगी वाजवली.

गिऱ्हाईक उडालंच. नवा शंख टाकून ते जुन्या, आखूड शंखात कसंबसं कोंबलं गेलं आणि चालतं झालं.

कवडूशेठनं टाकलेला शंख उचलून पुसला आणि जागेवर ठेवला. मग म्हणाला, "मास्तर, तुम्ही माझे मित्र म्हणून सांगतो. उघड्या अंगाच्या गिऱ्हाइकाला शोभतं म्हटलं काय नि शोभत नाही म्हटलं काय, त्याला एवढंच कळतं की कुणीतरी बघितलं."

"मग विकता कसं तुम्ही?"

"वाऱ्याविषयी बोलतो. नीट बसला की तोच विचारतो, शेठ, कसा वाटतो?"

मास्तर आले तसे परत गेले. थेट टिकलीच्या बिळापाशी, पण तिच्याकडे पाठ करून बसले. आता खेकड्यानं पाठ केली म्हणून काय होतं? त्याचे डोळे दांड्यांवर, त्यांना मागचंही दिसतं. म्हणून मास्तरांनी दोन्ही डोळे खाली दुमडून खोबणीत घातले आणि आंधळ्यासारखे गोळ्या मांडू लागले. किती वर्षांनी मांडत होते, त्यांचं त्यांनाच आठवेना.

बराच वेळ नुसती लाटांची गाज होती. मग मागून बारीक आवाज आला, "मास्तर, तुमचं वाकडं चाललंय."

"चालू दे. मला कुठं दिसतंय?"

मागे खुदकन हसू फुटलं. मग वाळूवर एक गोळी पडली. थोड्या वेळानं दुसरी. मास्तरांची नांगी आपोआप वर निघाली. त्यांनी ती पोटाखाली घेतली आणि अंगाचा सगळा भार तिच्यावर टाकला. वारा आज दक्षिणेचा दिसतो, असं काहीतरी ते बोलत राहिले. शेजारच्या बिळातून कुणीतरी म्हणालं, दक्षिणेचा नाही, पश्चिमेचा. तिथंही गोळी पडली. मग पलीकडे, मग आणखी पलीकडे. मास्तरांच्या मागचा सगळा किनारा हलक्या हातानं टपटपू लागला.

"मास्तर," टिकली म्हणाली, "बघताय का?"

"नाही गं."

मागे आणखी एक गोळी पडली. "मग बघा की. थोडंसंच."

मास्तरांनी नांगीवरचा भार जराही न हलवता एकच डोळा वर केला. तोही अर्धा.